यजमानाचं रक्त

डॉक्टर लिमयेबाईंनी सन्मतीची फाइल मिटली, खुर्ची वळवली आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदाच भूपालकडं नीट बघितलं.

“मगदूम, तुम्ही झोपता का?”

आपण काहीतरी चुकीचं ऐकलं, असं भूपालला वाटलं. या खोलीत आजवर त्याला पुष्कळ काही विचारलं गेलं होतं. ताप किती चढला, उलट्या किती झाल्या, गोळी किती वाजता दिली, लघवीचा रंग कसा होता. सगळी उत्तरं त्याला पाठ असायची. हा प्रश्न मात्र पहिल्यांदाच आला होता.

“झोपतो की,” तो म्हणाला. “म्हणजे... पडतो.”

“जेवण?”

“होतं.”

“आणि ती उजवी दाढ? बोलताना तुम्ही त्या बाजूनं तोंड उघडत नाही.”

भूपालनं गालाला हात लावला. दाढ तीन महिने ठणकत होती. लवंग धरून तो दिवस काढत होता. पोरगी रक्ताच्या कर्करोगानं अंथरुणाला खिळलेली असताना आपली दाढ कुणाला दाखवायची म्हणजे त्याला लाजच वाटली असती.

भूपाल मगदूम मिरजेत लाइनमन होता. वय सत्तावन्न. बायको त्रिशला बारा वर्षांपूर्वी काविळीनं गेली, तेव्हा सन्मती अकरा वर्षांची होती. तिची वेणी घालायला तो शेजारणीकडून शिकला, तिच्या शाळेच्या सभांना खांबावरून उतरून तसाच मळक्या कपड्यांत जायचा. आता ती तेवीस वर्षांची होती, ड्रोन उडवून कृष्णेच्या पुराचे नकाशे बनवायची, आणि आजारानं तिला दोनदा गाठलं होतं. पहिल्या वेळी औषधांनी तो हटला. तीन महिन्यांनी परत आला तो औषधांना पचवायला शिकूनच.

या चौदा महिन्यांत भूपाल बिनपगारी रजेवर घरी आणि हॉस्पिटलात होता. पाणी उकळून गार करायचं, फळांची सालं काढायची, भात बोटानं कुस्करता येईल इतका मऊ शिजवायचा. तिचे केस गळायला लागले तेव्हा तिच्या सांगण्यावरून त्यानंच डोक्यावर मशीन फिरवलं. ती उलटी करताना एका हातात भांडं लागतं आणि दुसरा हात तिच्या कपाळाला लागतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याचं स्वतःचं वजन अकरा किलोनं उतरलं होतं, पट्ट्याला खिळ्यानं दोन नवी भोकं पाडली होती. पाहुणे यायचे, सफरचंदं ठेवायचे, ‘धीर सोडू नको’ म्हणायचे आणि चहा घेऊन जायचे. चहाही त्यालाच करावा लागायचा.

“औषधांनी आता होणार नाही,” लिमयेबाई म्हणाल्या. “पण एक नवा उपचार आहे. त्यात रोग्याइतकंच त्याचं माणूस लागतं. तुम्ही लागाल.”

त्यांनी कागदावर गोल काढून समजावलं. आपल्या रक्तात टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्या शरीरभर गस्त घालतात आणि परकं काही दिसलं की मारतात. कर्करोगाची पेशी मात्र घरच्या माणसाच्या वेशात फिरते, म्हणून गस्तवाल्यांना ती ओळखता येत नाही. टी पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्या जनुकांत बदल करून त्यांना तो वेश ओळखायला शिकवायचं आणि परत आत सोडायच्या, ही युक्ती आता जुनी झाली होती. पण सन्मतीच्या स्वतःच्या टी पेशी औषधांनी थकून गेल्या होत्या. आणि प्रयोगशाळेच्या पिशवीत वाढवलेल्या पेशी संख्येनं भरपूर व्हायच्या, तरी अंगात दम नसायचा. तालमीत न उतरता नुसतं दूध पिऊन फुगलेल्या पैलवानासारख्या त्या पहिल्याच झटापटीत खाली यायच्या. म्हणून ही तिसरी वाट निघाली होती. बापाच्या पेशी मुलीशी निम्म्या जुळतात. त्या घ्यायच्या, त्यांना शिकवायचं, आणि वाढवायच्या परत बापाच्याच अंगात, वाहत्या, निरोगी रक्तात. सुरुवातीला रक्ताच्या एका थेंबात अशा दहा पेशी असतात. तीस दिवसांत त्यांच्या नऊशे व्हायला हव्यात. मग त्या काढून मुलीला द्यायच्या. ज्याच्या अंगात त्या वाढतात, त्याला हॉस्पिटलात ‘यजमान’ म्हणत.

“मग काढा की रक्त,” भूपालनं बाही वर सारली. “आत्ता काढा.”

“थांबा. एक गोष्ट या पेशींना मारते.” लिमयेबाईंनी पेन खाली ठेवलं. “तुमची काळजी.”

माणूस घाबरला, खचला, जागत राहिला की त्याच्या मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य रक्तात सोडतात. शरीर मग बाकीची कामं बाजूला ठेवून संकटाला तोंड द्यायच्या तयारीला लागतं, आणि बाजूला पडणाऱ्या कामांत टी पेशींची वाढ पहिली. कॉर्टिसॉल घटकाभर चढलं तर पेशी झोपतात आणि पुन्हा उठतात. दिवसचे दिवस चढलेलं राहिलं तर मरतात. गोळी देऊन ते पार बंद करावं, तर यजमानच आडवा होतो.

“म्हणजे मी काळजी केली तर ती...”

“म्हणून तर विचारलं,” लिमयेबाई म्हणाल्या, “झोपता का.”

*

दुसऱ्याच दिवशी त्याची दाढ काढली. डोळे तपासले, रक्तदाबाची गोळी सुरू केली, हॉस्पिटलच्या मागं असलेल्या यजमान निवासात त्याला खोली दिली. खिडकीबाहेर कडुनिंब होता. वेळेवर जेवण, आणि तेही त्याच्या घरच्या रिवाजाप्रमाणं सूर्यास्ताआधी. दुभत्या म्हशीची ठेवावी तशी त्याची बडदास्त सुरू झाली. त्याला वाईट वाटलं नाही. कशासाठी का असेना, चौदा महिन्यांत कुणी ताट वाढून त्याच्यापुढं ठेवलं नव्हतं.

ताट घेऊन यायची ती रेश्मा मुजावर. यजमानांची देखभाल करणं हे तिचं काम होतं. पस्तिशीची, बारीक चणीची, चालताना चपलांचा आवाज न करणारी बाई. तिनं त्याच्या दंडावर नाण्याएवढी चकती चिकटवली. घामातून कॉर्टिसॉल मोजणारी ती चकती हिरवी, पिवळी किंवा तांबडी व्हायची.

“काका, हिच्याकडं सारखं बघू नका,” रेश्मा म्हणाली. “बघितलं की पिवळी होते.”

शिकवलेल्या पेशी त्याच्या अंगात सोडल्यापासूनचे पहिले आठ दिवस बरे गेले. रोज सकाळी दोन तास तो सन्मतीपाशी असायचा. तिला खिमट भरवायचा, पाय चेपायचा, चादर बदलायला मदत करायचा. ती त्याच्याकडं बघून हसायची.

“आण्णा, तुझं पोट पुढं यायला लागलं. माझ्या पेशींना आत अंधार वाटत असेल.”

“खिडकी पाडून देतो त्यांना.”

“तू ना, खरंच पाडशील.”

रोज सकाळी रेश्मा त्याच्या बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घ्यायची आणि आकडा सांगायची. दहा. पंचवीस. साठ. आठव्या दिवशी दोनशे दहा. शाळेतला पोरगा गुण सांगतो तसा भूपाल तो आकडा सन्मतीला जाऊन सांगायचा.

नवव्या दिवशी सकाळी तो तिला गाजराचं सूप देत होता. तिच्या नाकातून रक्त आलं. आधी थेंब, मग धार. रक्त गोठवणाऱ्या पेशी तिच्या अंगात उरल्याच नव्हत्या. तिच्या तोंडातूनही रक्त यायला लागलं आणि तिनं भूपालचा शर्ट मुठीत धरला. नर्स धावल्या, पण पहिला टॉवेल त्यानंच धरला होता आणि तो टॉवेल किती भराभर जड होत गेला, हे त्याच्या हाताला समजत होतं. रक्त थांबायला वीस मिनिटं लागली. त्याच्या दंडावरची चकती तांबडी झाली होती, ती संध्याकाळपर्यंत तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी आकडा एकशे चाळीस आला.

“आजपासून भेट बंद,” लिमयेबाई म्हणाल्या. “फोनसुद्धा नको. तिला बघून तुमच्या अंगात काय होतं ते आपण पाहिलं. मला वीस दिवस द्या.”

“आणि तिचं कोण करणार?”

“तुमच्या बहिणीला बोलवा. इथं नर्स आहेत. तुमचं काम आता तिच्याजवळ बसणं नाही, मगदूम. तुमचं काम शांत राहणं.”

 भूपालनं एकशे चाळीस हा आकडा पुन्हा एकदा बघितला. त्यानं मान हलवली.

*

जयसिंगपूरहून सुनंदाआक्का आली. भूपालपेक्षा सहा वर्षांनी मोठी, विधवा, तोंडानं तिखट आणि हातानं मऊ. ती सन्मतीपाशी राहायची आणि रोज संध्याकाळी सहाला भूपालला फोन करायची.

“छान आहे. जेवली. झोपलीय आता.”

“ताप?”

“कसला ताप? तू आपला शांत बस बघू.”

भूपाल शांत बसायला लागला. त्याला वाटलं होतं, हे आपल्याला जमेल. अकरा हजार व्होल्टच्या तारेखाली उभं राहून त्यानं तीस वर्षं हात स्थिर ठेवले होते. पण चकती हात बघत नव्हती, रक्त बघत होती. तो कडुनिंबाखाली फेऱ्या मारायचा, णमोकार म्हणायचा, श्वास मोजायचा, आणि दंड पिवळाच राहायचा. कुंभोजच्या डोंगरावरच्या बाहुबलीची मूर्ती त्याला आठवायची. लहानपणी वडिलांनी दाखवून सांगितलं होतं, ‘बघ, अंगावर वेली चढल्या तरी हलला नाही.’ भूपालला आता वाटायचं, त्याला काय होतं! त्यानं सगळं सोडलं होतं. त्याची पोरगी पलीकडच्या इमारतीत रक्त ओकत नव्हती.

शेजारच्या खोलीत जतची एक बाई होती, धाकट्या भावाची यजमान. तिला कुणीतरी सांगितलं होतं की हसल्यानं पेशी वाढतात. ती दिवसभर विनोदी कार्यक्रम लावून मोठमोठ्यानं हसायची. भिंतीपलीकडून ते हसणं ऐकलं की भूपाल खिडकी लावून घ्यायचा. एका दुपारी ते अचानक थांबलं. त्या दिवसापासून ती खोली रिकामी होती, आणि काय झालं हे रेश्मा सांगेना.

आकडा चढत होता, पण कुंथत कुंथत. बाराव्या दिवशी एकशे नव्वद. सोळाव्या दिवशी तीनशे दहा. एकविसाव्या दिवशी चारशे सत्तर. आणि आक्काचं रोज तेच. छान आहे, जेवली, झोपलीय. भूपाल आक्काला सत्तावन्न वर्षं ओळखत होता. खोटं बोलताना ती घाईनं बोलते, हे त्याला ती पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायची तेव्हापासून माहीत होतं.

त्याच दिवशी सकाळी अकराला त्यानं खिडकीतून आक्काला बघितलं. औषधाच्या दुकानाकडून ती येत होती. उन्हानं डांबर तापलेलं, आणि तिच्या पायांत चपला नव्हत्या.

रेश्मा जेवण घेऊन आली तेव्हा त्यानं ताटाला हात लावला नाही.

“आक्का अनवाणी का फिरतीया?”

“कुठं? मी नाही पाहिलं.”

“तिनं चपला सोडल्यात. त्रिशला शेवटच्या दिवसांत होती तेव्हा सोडल्या होत्या. ताई, माझ्या पोरीचं काय झालंय?”

रेश्मा उभी राहिली. यजमानाला वाईट बातमी द्यायची नाही, असा नियम होता आणि त्याच्याखाली तिची सही होती. तिनं त्याच्या दंडाकडं बघितलं. चकती तांबडी होत चालली होती, आणि अजून तर तिनं काहीच सांगितलं नव्हतं.

“बसा काका,” ती म्हणाली आणि स्वतःही खाली बसली. “तिच्या फुप्फुसात जंतुसंसर्ग झालाय. पाच दिवस ताप आहे. ऑक्सिजनचा मास्क लावलाय. शुद्धीवर आहे, बोलते. पण तब्येत अवघड आहे. यातलं एकही अक्षर मी लपवलेलं नाही.”

भूपाल भिंतीला टेकला. त्याच्या घशातून बैलाच्या हंबरण्यासारखा आवाज आला. रेश्मानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तासाभरानं त्यानं डोळे पुसले आणि ताट पुढं ओढलं.

“मला रोज खरं सांगत जा,” तो म्हणाला. “निदान कशाची काळजी करायची ते कळतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा पाचशे चाळीस होता. एका दिवसात सत्तर. इतकी उडी आठव्या दिवसानंतर कधी पडली नव्हती. रेश्मा तो कागद घेऊन थेट लिमयेबाईंकडं गेली. खरं सांगितल्यावर आकडा वाढला मॅडम, भेटू द्या त्यांना, म्हणाली. लिमयेबाईंनी कागद बघितला, दोनदा बघितला.

“एका माणसाचा एक दिवस, रेश्मा. यावर मी त्या मुलीचा जीव पणाला लावू? आठ दिवस राहिलेत. काहीही बदलायचं नाही.”

*

चोविसाव्या दिवशी सकाळी आकडा सहाशे दहा आला. दुपारी चार वाजता भूपालचा फोन वाजला. पडद्यावर ‘आक्का’ अशी अक्षरं होती.

आक्का सहाशिवाय फोन करत नसे. म्हणजे दोनच गोष्टी असू शकत होत्या. एक गोष्ट त्यानं मनात येऊ दिली नाही. दुसरी म्हणजे, आक्का खाली गेली असेल, फोन उशाशी राहिला असेल आणि तो सन्मतीनं उचलला असेल.

तो पलंगावरून उठला. त्यानं फोन हातात घेतला. उचलला तर तिचा आवाज येणार, मास्कमधून, तुटक. ती रडेल. किंवा रडणार नाही, आणि ते जास्त वाईट. मग दंड तांबडा होणार, सहाशे दहाचे चारशे होणार, आणि नऊशे कधीच होणार नाहीत. सहा दिवस. फक्त सहा दिवस, बाळ. फोन वाजायचा थांबला.

पुन्हा वाजला. भूपालनं अंगठा हिरव्या खुणेवर नेला आणि तिथंच, काचेपासून केसभर अंतरावर धरला. तीस वर्षं याच हातानं, कुठल्या वस्तूला स्पर्श करायचा नाही हे सांभाळलं होतं. थांबला.

तिसऱ्या वेळी वाजला. तो फरशीवर बसला, फोन छातीशी धरला आणि तो वाजून संपेपर्यंत ‘सन्मे, सन्मे’ एवढंच म्हणत राहिला. चौथ्यांदा वाजला नाही.

चकतीचा इशारा गेला म्हणून रेश्मा पळत आली. भूपालचा दंड विस्तवासारखा लाल होता.

“मी उचलला नाही,” तो तिला सांगत होता. “ताई, मी उचलला नाही, मग हे का? मी तर उचलला नाही!”

दुसऱ्या दिवशी आकडा चारशे पाच आला. आणि त्याच सकाळी सन्मतीला श्वास घेता येईना. तिला गुंगीत ठेवून घशात नळी घातली आणि श्वासयंत्र लावलं.

लिमयेबाई स्वतः त्याच्या खोलीत आल्या. “आता थांबण्यात अर्थ नाही. आहेत तेवढ्या पेशी काढतो. निम्म्याहून कमी आहेत. तुम्हाला खोटी आशा देणार नाही.”

यंत्राला जोडून चार तास त्याचं रक्त फिरवलं. एका नळीतून जायचं, पेशी गाळून दुसरीतून परत यायचं. शेवटी हातभर पिशवीत तळाला साठलेलं, पातळ ताकासारखं काहीतरी दिसलं. तीस दिवसांचं पीक पंचवीस दिवसांत कापलं होतं.

ती पिशवी सन्मतीच्या शिरेत सोडली, आणि आता त्याला कुणी अडवलं नाही. अतिदक्षता विभागात तो सन्मतीपाशी गेला. तिचे डोळे पट्टीनं मिटवले होते. तिचा हात त्यानं हातात घेतला, तो गरम होता आणि त्यात पकड नव्हती. जे सांगायचं ते ऐकायला ती जागी नव्हती.

अकरा दिवस तो त्या खुर्चीत होता. आक्का जबरदस्तीनं त्याला बाहेर नेऊन दोन घास खायला लावायची. सातव्या दिवशी सन्मतीला एवढा ताप चढला की नर्सनी त्याला बाजूला केलं. लिमयेबाई मात्र त्या तापाकडं वेगळ्या नजरेनं बघत होत्या. “लढाई सुरू झाली की असा ताप येतो,” त्या म्हणाल्या. “कोण जिंकतंय ते मला अजून माहीत नाही.” नवव्या दिवशी ताप उतरला. अकराव्या दिवशी सन्मतीनं डोळे उघडले, छताकडं बघितलं, मग भूपालकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

*

सन्मती घरी आली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. रक्तात रोग दिसत नव्हता. पाच वर्षं बघावं लागेल, असं लिमयेबाईंनी बजावलं होतं.

ती आक्काशी बोलायची. पाणी आक्काकडं मागायची, उठायला हात आक्काचा धरायची. भूपाल खोलीत आला की ती डोळे मिटून घ्यायची.  त्याच्या दंडावरची चकती पेशी काढल्या त्याच दिवशी उतरवली होती, आणि खोली दुसऱ्या यजमानासाठी रिकामी करून द्यावी लागली होती. त्यानंतर त्याची छाती धडधडली काय किंवा हात कापले काय, कुठं कसला दिवा लागत नव्हता. रेश्मा तेवढी रविवारी घरी चक्कर मारायची, ओट्यापाशी उभी राहून चहा करायची आणि त्याच्या हातात द्यायची.

एकदा तपासणीला गेल्यावर लिमयेबाईंनी त्याला थांबवून घेतलं आणि पडद्यावर त्याच्या पंचवीस दिवसांचा आलेख दाखवला.

“हे बघा. पहिले आठ दिवस, तुम्ही तिच्याजवळ होता तेव्हा, रेघ कशी चढलीय. नवव्या दिवशी पडली. ती आपोआप सावरली असती, आता वाटतं. मी घाबरले आणि तुम्हाला तोडलं. तिथून पुढं बघा, रोज पिवळं. माणूस जवळ बसून जेवढा झिजतो, त्याहून जास्त दुरून झिजतो. रेश्मा बरोबर होती. आम्ही नियम बदललाय.”

भूपाल आलेखाकडं बघत होता. “आणि फोन? मी उचलला असता तर?”

लिमयेबाईंनी चष्मा काढला. “वाजला तेव्हाच जे व्हायचं ते झालं होतं. उचलला असतात तरी पेशी तेवढ्याच राहिल्या असत्या. कदाचित चार जास्तच.”

तो घरी आला तेव्हा आक्का सन्मतीच्या पायाला तेल लावत बोलत होती.

“किती दिवस धरून बसणार आहेस? छातीवर दगड ठेवून फोन उचलला नाही त्यानं. म्हणून तू वाचलीस. बाप आहे म्हणून जमलं त्याला.”

सन्मतीनं दाराकडं बघितलं. कित्येक आठवड्यांनी ती त्याच्या डोळ्यांत बघत होती, आणि त्या नजरेत कडवटपणा नव्हता. भूपालला दिसलं की नुसतं गप्प राहिलं तरी पुरे. ती मान्य करायला तयार होती. आक्कानं वाट मोकळी करून दिली होती.

“आक्का, जरा बाहेर बस,” तो म्हणाला.

आक्का गेली. तो पलंगाजवळच्या स्टुलावर बसला.

“ती सांगतीया ते खरं नाही, सन्मे. डॉक्टरांना विचारून आलोय. मी उचलला असता तरी चाललं असतं. काही बिघडलं नसतं. तू तिथं एकटी होतीस, आणि मी फोन हातात धरून फरशीवर बसलो होतो. त्याचा कुणाला काडीचा उपयोग झाला नाही.”

सन्मतीनं उशीवरून मान त्याच्याकडं वळवली.

“हातात होता?”

“हातात.”

“तिन्ही वेळा?”

“तिन्ही वेळा.”

“मला वाटलं, तुला कळलंच नाही. किंवा तू काढून घेतलं अंग.” तिचा आवाज अजून त्या नळीमुळं घोगरा होता. “मी कशाला केला होता, ते तरी माहीत आहे?”

त्यानं मान हलवली. नाही.

“पुरे म्हणायला केला होता. मला ती नळी घालायची नव्हती, आण्णा. त्यांनी सकाळी विचारलं होतं, वेळ आली तर घालायची का. मी म्हटलं, आण्णाशी बोलून सांगते. मी तुला म्हणणार होते, आता सोड मला. तुझ्या पेशी काढून देऊ नकोस, घरी जा, नीट जेव. तू हो म्हणालास की मी नळी नको म्हणून सही करणार होते.”

भूपाल स्टुलावर पुढं सरकला. “मी हो म्हणालो असतो?”

“तू मला कधी नाही म्हणालायस?”

त्यानं आठवून बघितलं. तिचा तो मास्कमधला आवाज, तिचं ‘पुरे’. आपण आधी रडलो असतो, मग भांडलो असतो, आणि शेवटी हो म्हणालो असतो. हे त्याला स्वच्छ दिसलं. चौदा महिने तिला काय हवं ते तिच्या आधी ओळखून देणारा माणूस तो. ते एवढंही त्यानं दिलं असतं.

“तू न विचारता माझ्याऐवजी ठरवून टाकलंस,” सन्मती म्हणाली. “आणि तुला ते माहीतसुद्धा नव्हतं.”

“नव्हतं.”

बाहेर आक्का कुणाशीतरी बोलत होती. कुकरची शिट्टी झाली. भूपालनं दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले, कारण ते थांबत नव्हते.

“मग आता?” त्यानं विचारलं. “आता विचारतो. जे उरलंय ते तुला हवंय का? तपासण्या, सुया, पाच वर्षं. तू नको म्हणालीस तर मी ऐकेन. या वेळी ऐकेन.”

 सन्मती कुशीवर वळली. तिची नजर त्याच्या कापणाऱ्या हातांवर गेली आणि तिथंच थांबली.

“लगेच नाही सांगता येणार,” ती म्हणाली. “विचार करायला लागेल. तोवर इथंच बस.”